ल्यूथरच्या गांवीं विद्यार्थ्यांची यात्रा

प्रॉटेस्टंट पंथाची जन्मभूमि पाहाण्यासाठीं अमेरिकेंतील ल्यूथरपंथी महाविद्यालयांचे विद्यार्थी आपल्या प्राध्यापकांसमवेत जर्मनींत जात असतात. आइसलेबन, वार्टबर्ग व व्हिटेनबर्ग हीं त्यांचीं मुख्य मुक्कामाचीं ठिकाणें. पुण्यार्जनाच्या यात्रांवर व संतांच्या अस्थिपूजेवर ज्यानें कोरडे ओढले, त्याच्याच गांवांची यात्रा व्हावी, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा!

पण या यात्रेकरूंना तेथें दिसतें काय? आइसलेबन येथील ज्या घरांत ल्यूथर १४८३ सालीं जन्मला, तें १६८९ च्या आगींत जळालें; आजचें घर त्यानंतर उभारलेलें. १५४६ सालीं तो त्याच गांवीं वारला. परंतु त्याचें ‘मृत्युगृह’ म्हणून जें दाखवितात तें मुळीं तें घरच नव्हे. वार्टबर्गच्या किल्ल्यांत १५२१-२२ मध्यें वेष पालटून राहिला असतां त्यानें अवघ्या अकरा आठवड्यांत ‘नव्या करारा’चें ग्रीकवरून जर्मन भाषांतर केलें. केवढें हें कार्य! पण प्रेक्षक शोधीत तो भिंतीवरचा शाईचा डाग. सैतानावर ल्यूथरनें दौत फेकली अशी दंतकथा; लोक तो डाग खरवडून नेत, आणि राखणदार तो पुन्हा नवा करीत.

व्हिटेनबर्गच्या किल्ल्यांतील चर्चच्या दारावर ३१ ऑक्टोबर १५१७ रोजीं, पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध लिहिलेलीं ९५ विधानें ल्यूथरनें खिळ्यांनीं ठोकलीं, असें आपण शाळेंत शिकलों. मीही वर्षानुवर्षें तसेंच शिकवीत आलों. त्या दिवशीं त्यानें आर्चबिशप आल्ब्रेख्त यास पत्र लिहिलें हें निश्चित. खिळ्यांची हकीकत मात्र त्यानें स्वतः कोठेंही सांगितलेली नाहीं. ती सांगणारा मेलांक्थन त्या गांवीं आला तोच मुळीं १५१८ सालीं. मूळचें लाकडी दार १७६० सालीं सप्तवार्षिक युद्धांत जळालें. ज्यापुढें विद्यार्थी छायाचित्रें काढवितात तें ब्राँझचें दार १८५८ चें आहे.

मग अस्सल असें कांहीं उरलेंच नाहीं काय? उरलें आहे. ज्या नगरचर्चमध्यें ल्यूथर प्रवचनें करी, त्याच्या बाहेरच्या भिंतीवर त्याच्याही पूर्वीं दोनशें वर्षांचें एक शिल्प आहे: एक डुकरीण, तिच्या आंचळांना लुचणारे यहुदी, आणि तिचें शेपूट उचलून पाहाणारा त्यांचा धर्मगुरु. १५२३ सालीं यहुद्यांविषयीं ममतेनें लिहिणाऱ्या ल्यूथरनें १५४३ सालीं याच शिल्पाचा दाखला घेऊन त्यांची कुचेष्टा केली, आणि त्यांचीं प्रार्थनामंदिरें जाळावीं असा सल्लाही त्याच वर्षीं दिला. नोव्हेंबर १९३८ मध्यें नाझींनीं तीं खरोखरच जाळलीं. त्याचा सारा दोष ल्यूथरच्या माथीं मी मारणार नाहीं. पण त्याचें नांव त्या प्रकरणांतून वगळणेंही मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. नव्या दाराशीं अर्धा तास घालविणाऱ्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकानें या कोपऱ्याशींही निदान तेवढाच वेळ उभें करावें.

शिल्पाखालीं १९८८ सालीं जमिनींत एक स्मारकशिला बसविण्यांत आली. तें शिल्पच काढून टाकावें अशी मागणी एका यहुदी नागरिकानें न्यायालयांत केली. स्मारकशिला व माहितीफलक यांमुळें त्या शिल्पाचें स्वरूप पालटलें आहे, असें म्हणून जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानें २०२२ सालीं ती फेटाळली.