गुलटेकडीच्या कडेची कवाईत

पुणे शहराच्या दक्षिणेस, शंकरशेठ रस्ता मागे टाकून बिबवेवाडीच्या दिशेने चालू लागले असता गुलटेकडीचा जो विस्तीर्ण भाग लागतो, त्याची ख्याती आज सर्वस्वी घाऊक व्यापारावर उभी आहे. १९५७ साली कृषी उत्पन्न बाजार समिती स्थापन झाली आणि पुढील काही दशकांत मंडईतील फळे-भाजीपाल्याचा व जुन्या पेठांतील भुसाराचा घाऊक व्यवहार क्रमाक्रमाने येथे येऊन वसला. तेव्हापासून अडते, तोलणार, हमाल, टेंपोवाले आणि रात्रभर प्रवास करून माल घेऊन आलेले शेतकरी यांच्या वर्दळीखाली या परिसराचा पूर्वेतिहास इतका झाकून गेला आहे, की मार्केट यार्डाच्या अलीकडे सॅलिसबरी पार्क नावाची एक शांत वस्ती आहे आणि दोहोंच्या पत्त्यावर ४११०३७ हा एकच पिनकोड लिहावा लागतो, यापलीकडे फारसे कोणास काही ठाऊक नसते. तथापि बाजाराचे गाळे उभे राहण्याच्या कितीतरी आधी या वस्तीत एका ख्रिस्ती पंथाची मध्यवर्ती कचेरी नांदत होती, तिचा कारभार साऱ्या हिंदुस्थानावरच नव्हे तर त्याच्या शेजारच्या मुलखांवरही चालत असे, आणि मुलांना गणवेश घालून, दोर-तंबू हाती देऊन, धर्म आणि स्वावलंबन यांची एकत्र तालीम देण्याचा जो प्रयोग विसाव्या शतकात जगभर पसरला, त्याची एक शाखा याच कचेरीच्या दफ्तरातून या देशात रुजली.

हा पंथ सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्टांचा. १८६३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन प्रांतात त्याची रीतसर स्थापना झाली. १८९५ मध्ये या पंथाची जॉर्जिया बरस नावाची एक तरुणी एकटीच कलकत्त्यास उतरली, आणि १८९८ पासून तेथून ‘ओरिएंटल वॉचमन’ हे मासिक निघू लागले. त्याचा छापखाना पुढे लखनौस गेला आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुख्य कचेरीसह पुण्याच्या या टोकास येऊन स्थिरावला. १९१५ साली कोइमतूर येथे सुरू झालेली त्यांची शिक्षणसंस्था बंगळूरमार्गे १९४२ साली पुण्यात आली. तेच आजचे औंध रस्त्यावरील स्पायसर. या मंडळींचा पवित्र दिवस रविवार नसून शनिवार आहे, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा. मद्य व तंबाखू त्यांस सर्वथा वर्ज्य, आणि शाकाहाराकडे त्यांचा स्पष्ट कल. पुण्यातल्या सोवळ्या आळीतही सहज खपून गेले असते असे हे आचरण असूनही त्यांची आणि शहराची ओळख मात्र बेताचीच राहिली. (मार्केट यार्डातील फळे-भाजीपाला विभागाची साप्ताहिक सुटीही शनिवारीच असते. हा निव्वळ योगायोग आहे. बाजार समितीने बायबल उघडून तो वार ठरविला असे कोणी म्हणणार नाही.)

मुलांना शिस्तीच्या मार्गाने धर्माकडे आणण्याची कल्पना अर्थात या पंथाची नव्हे. तिचे मूळ स्कॉटलंडात आहे. ग्लासगो येथील विल्यम अलेक्झांडर स्मिथ हा गृहस्थ एकीकडे रविवारच्या शाळेत धर्मपाठ देई आणि दुसरीकडे हौशी पलटणीत हुद्देदार होता. बारा-तेरा वर्षांची मुले धर्मपाठाच्या वेळी आवरता आवरत नाहीत, आणि तीच मुले संचलनाच्या मैदानावर एका हुकमासरशी ताठ उभी राहतात, या नित्याच्या अनुभवातून त्याने ४ ऑक्टोबर १८८३ रोजी ‘बॉइज ब्रिगेड’ स्थापन केली. टोपी, पट्टा, लाकडी बंदुका आणि प्रार्थना असा तो मिलाफ होता. लाकडी असली तरी बंदूक ती बंदूकच, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. पुढे स्काउट म्हणजे बालवीर चळवळ उभारणाऱ्या बेडन-पॉवेल याने ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर जे प्रायोगिक शिबिर भरविले, त्यातील काही मुले याच ब्रिगेडमधून घेतलेली होती. परंतु त्याने कवाईतीचा भार हलका करून तिच्या जागी रान, नकाशा, माग काढणे आणि स्वतः शिजविलेले अन्न यांची प्रतिष्ठापना केली. या माणसाच्या लष्करी आयुष्याचा प्रारंभ १८७६ साली लखनौच्या छावणीत झाला, आणि जो पंथ पुढे त्याच्या कल्पनेचा ख्रिस्ती अवतार पुण्यास घेऊन आला त्याची कचेरीही लखनौहूनच आली, एवढी एक गंमत येथे नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

अ‍ॅडव्हेंटिस्टांनी बालवीर चळवळ जशीच्या तशी का स्वीकारली नाही, याचे उत्तर त्यांच्या श्रद्धेत सापडते. शनिवार पाळणाऱ्या मुलास शनिवारची सहल आणि शनिवारचेच सामने मांडणाऱ्या पथकात वावरणे अवघड होते. शिवाय शस्त्र धारण न करण्याकडे या पंथाचा ओढा असल्यामुळे सैनिकी छटेची कोणतीही गोष्ट त्यांस संशयास्पद वाटे. म्हणून त्यांनी स्वतःची वाट पाडली. १९०७ मध्ये तरुणांसाठी स्वतंत्र खाते उघडले. १९१९ च्या सुमारास टेनेसी प्रांतात आर्थर स्पॉल्डिंग या लेखकाने आपल्या मुलांचे व त्यांच्या सवंगड्यांचे एक छोटे पथक बांधले आणि त्यासाठी एक प्रतिज्ञा व काही नियम लिहून काढले: प्रातःकाळी प्रार्थना करावी, आपल्या वाट्याचे काम प्रामाणिकपणे करावे, शरीर जपावे, मन प्रसन्न ठेवावे, अशा आशयाचे. १९२२ पासून इयत्तांसारख्या पायऱ्या ठरल्या आणि १९२८ मध्ये निरनिराळ्या कौशल्यांसाठी पहिली सोळा सन्मानचिन्हे निघाली.

येथवर सारे सुरळीत होते. परंतु १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातील सांता अ‍ॅना येथे जॉन मॅककिम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘पाथफाइंडर’ या नावाने गणवेशधारी मुलांचे मंडळ चालविले, तेव्हा चर्चमधील वडीलधाऱ्यांनीच त्यावर हत्यार उपसले. चर्चमध्ये जगाचा शिरकाव होतो आहे असा त्यांचा ग्रह झाला, आणि अखेर ते मंडळ बंद पडले. मुलांच्या खेळात धर्मबुडवेपणा पाहणारी वृत्ती केवळ आपल्याच समाजात आहे असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य ध्यानात घ्यावे. १९४६ मध्ये जॉन हँकॉक याने त्रिकोणात ढाल व तलवार असलेले बोधचिन्ह रेखाटले, त्याच सुमारास रिव्हरसाइड येथे अधिकृत आश्रयाखाली मंडळ पुन्हा उभे राहिले, आणि १९५० साली पंथाच्या जागतिक कचेरीने या उपक्रमास मान्यतेची सनद दिली. त्याच वर्षीच्या ७ नोव्हेंबर रोजी आपल्याकडील निरनिराळ्या बालवीर संघटना एकवटून ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ अस्तित्वात आली.

वॉशिंग्टनमधील जागतिक कचेरीतून निघालेले असे ठराव, पुस्तिका आणि अभ्यासक्रम दक्षिण आशियासाठी ज्या टेबलावर येऊन पडत, ते टेबल सॅलिसबरी पार्कात होते. हिंदुस्थानातील अनेक भाषांच्या प्रदेशांवर देखरेख करणाऱ्या कचेरीत माणसेही साहजिकच अनेक प्रांतांची असत. पुण्यातच वाढलेल्या परंतु घरी तमिळ, तेलुगू, मराठी किंवा इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना एका रांगेत उभे करावयाचे तर त्यांना सामाईक असे काहीतरी हवे. धर्म एक असला तरी धर्म रांगेत उभे राहण्यास शिकवीत नाही, ते काम गणवेशाने आणि शिट्टीने करावे लागते.

पाथफाइंडरच्या शिक्षणाची रचना पाहिली म्हणजे त्याचे खरे बलस्थान कोठे आहे ते उमगते. दहा ते पंधरा वर्षांची मुले-मुली सहा-आठांच्या तुकड्यांत विभागलेली असतात. प्रत्येक तुकडीवर एक प्रौढ मार्गदर्शक, परंतु तुकडीचा नायक आणि नोंदणारा कारकून मुलांतलाच. दरवर्षी एक पायरी, आणि पायरीगणिक प्रार्थना व बायबल-पठण यांच्याबरोबरच निसर्ग, आरोग्य, प्रथमोपचार, रानातील मुक्काम आणि समाजसेवा यांची ठरलेली कामे. सन्मानचिन्हांची संख्या सोळांवरून आज कित्येक शेकड्यांवर गेली आहे, ही वाढ मला तितकीशी कौतुकास्पद वाटत नाही. छातीवरील पट्टा चिन्हांनी भरून गेला म्हणजे मुलाचे लक्ष विद्येवरून पट्ट्याकडे वळते, आणि पालकांचे तर त्याहून आधी.

या सन्मानांपैकी गाठींचा सन्मान घेतला, तर ही पद्धती कशी चालते ते जवळून दिसते. मुलास प्रथम रीफ नॉट शिकवितात: दोराचे उजवे टोक डाव्यावरून घेऊन खाली घालावयाचे, मग जे टोक आता डावीकडे आले ते उजव्यावरून. दुसऱ्या वेळी चुकून पुन्हा उजवेच वर घेतले, तर गाठ दिसावयास तशीच दिसते, परंतु तिची टोके दोरास समांतर न राहता आडवी बाहेर येतात आणि ताण पडताच ती निसटते. मुलाने ती गाठ बांधून दाखवावयाची असते, आणि नंतर जखमेवरील त्रिकोणी पट्टीस तीच बांधावयाची असते, कारण ती सपाट बसते, त्वचेस रुतत नाही आणि दोन्ही टोके आत ढकलताच सुटते. गाठ टिकली की नाही हे शिक्षकाच्या मर्जीवर अवलंबून नसते. दोर ओढला की निकाल लागतो. पाठांतरावर पोसलेल्या आपल्या शिक्षणात मुलाच्या वाट्यास असा निष्पक्षपाती परीक्षक फार क्वचित येतो. मार्केट यार्डातील ट्रकवर ताडपत्री आवळणाऱ्या क्लीनरास ही विद्या पोटासाठी येते आणि तीस कोणी विद्या म्हणत नाही. पांढरपेशा ख्रिस्ती घरातील मुलास ती सन्मान म्हणून दिली जाते. हा भेद टोचणारा आहे, परंतु हातांच्या कामास सन्मान म्हणणे हेही अशा घरांत लहानसहान परिवर्तन नव्हे.

दुसरा लाभ नोंदवहीचा. अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती तुकडीचे हजेरीपुस्तक आणि वर्गणीचा हिशोब देऊन त्याला सांगावयाचे की आलेल्याची हजेरी लिही, न आलेल्याच्या नावापुढे गैरहजेरीचा शेरा मार. आणि न आलेला नेमका त्याचाच जिवलग मित्र असावयाचा. सत्य बोलावे हे प्रवचनात ऐकणे आणि मित्राच्या नावापुढे गैरहजर असे स्वतःच्या अक्षरात लिहिणे यांत जे अंतर आहे, ते या पद्धतीने ओलांडून घेतले जाते. माझ्या मते ख्रिस्ती पथकांचा मुलांस खरा फायदा उपदेशातून झालेला नाही. तो त्यांच्यावर सोपविलेल्या लहान, मोजता येण्याजोग्या विश्वासातून झाला, आणि धर्माने त्या विश्वासास कारण पुरविले. कारण पुरविणे हे काही थोडे काम नव्हे. केवळ शिस्तीखातर शिस्त मुलास लवकर कंटाळा आणते, हे स्मिथला ग्लासगोत कळले होते आणि आपल्या शाळांतील कवाईतमास्तरांना ते बहुधा कधीच कळले नाही.

पुण्याला हा विचार नवखा नव्हता. १९२४ साली शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ ही व्यायामसंस्था स्थापिली. १९४१ साली राष्ट्र सेवा दल सुरू झाले, आणि श्रम, समता व सामुदायिक गीत यांच्या द्वारे त्याने मध्यमवर्गीय मुलांची एक पिढी घडविली. प्रत्येकाने मुलाच्या शरीरास एक ध्येय जोडून दिले. कोणी राष्ट्र जोडले, कोणी समता, आणि सॅलिसबरी पार्काने ख्रिस्त. महाराष्ट्रीय मंडळाचे चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९७७ पासून या गुलटेकडीवरच उभे आहे, आणि तरीही शहराच्या व्यायाम-परंपरेविषयी बोलताना जवळच्या वस्तीतील ख्रिस्ती मुलांच्या पथकांची आठवण कोणास होत नाही. अल्पसंख्य समाजाच्या मुलास गणवेश घालून, ढोलाच्या ठेक्यावर, भर रस्त्यात उघडपणे चालण्याची सवय लागणे हा या पथकांचा असा लाभ आहे, की जो बहुसंख्य समाजातील निरीक्षकास सहसा दिसतच नाही, कारण त्याच्या मुलांना तो जन्मतःच मिळालेला असतो.

संशयाची बाजूही मांडली पाहिजे. मिशनच्या कोणत्याही उपक्रमात धर्मांतराचा हेतू असणारच असे येथे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात अशी पथके मुख्यतः आपल्याच मंडळींच्या मुलांसाठी चालतात, आणि त्यांच्यावरील अधिक रास्त आक्षेप नेमका उलट आहे, तो म्हणजे ती फार आतल्या आत राहतात. गणवेश, पट्टा, शिबिराची वर्गणी हे सारे खर्चाचे प्रकरण असते, आणि यार्डात पोत्याचे तोंड दाभणाने शिवणाऱ्या बापाच्या मुलास त्या तुकडीत जागा मिळणे सोपे नाही. मात्र एका गोष्टीचे श्रेय द्यावेच लागेल: बॉइज ब्रिगेड मुलग्यांचीच होती, बालवीर आणि वीरबाला यांची पथके दीर्घकाळ वेगळी राहिली, परंतु पाथफाइंडरने मुलगे आणि मुली यांना एकाच छत्राखाली, एकाच अभ्यासक्रमावर आणि एकाच परीक्षेस बसविले.

पाथफाइंडर मंडळाच्या आठवड्याचे वेळापत्रकही त्याच्या श्रद्धेप्रमाणेच बांधलेले असते. शनिवारी खेळ, स्पर्धा आणि हस्तव्यवसाय नाहीत. पण रानात फिरणे, पक्षी ओळखणे, आदल्या शुक्रवारी सूर्यास्तानंतर तारे पाहणे यांस मुभा आहे, म्हणून निसर्गविषयक सन्मानांचा अभ्यास साहजिकच त्या दिवसाकडे झुकतो. तंबू, दोर, स्वयंपाक आणि संचलन यांसाठी रविवार उरतो, म्हणजे यार्डात आवक सर्वाधिक आणि रस्ते तुंबलेले असतात तो दिवस. १९८९ साली मध्यवर्ती कचेरी तमिळनाडूतील होसूर येथे गेली. छापखाना मात्र सॅलिसबरी पार्कातच राहिला. त्याच सुमारास सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी ‘अ‍ॅडव्हेंचरर’ नावाची आणखी एक खालची पायरी जोडण्यात आली, आणि तिच्यात एक अट अशी घालण्यात आली की आईबापांनीही मुलांसमवेत यावे. दहा वर्षांच्या मुलास नोंदवही देऊन एकटे सोडणाऱ्या मूळ पद्धतीच्या ती थोडी विरुद्धच आहे.