अडेलतट्टू

हट्टी माणसाला मराठीत अडेलतट्टू म्हणतात. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय, बहुतेक वेळा स्वतःबद्दलच. पण खरंखुरं अडलेलं तट्टू मी पाहिलं ते वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, चिंचोटी-भिवंडी रस्त्यावर, सकाळी सहाच्या सुमारास.

रस्त्याखालून एक नाला जातो. त्यावरच्या मोरीपाशी रस्त्याचा रंग बदलतो, अलीकडे डांबर आणि पलीकडे काँक्रीट. तट्टू नेमकं त्या रेघेवर थांबलं. पाठीवर तंबूच्या काठ्या, वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, भांड्यांचं गाठोडं आणि सगळ्यात वर टोपलीत चार कोंबड्या. मागे कंटेनरवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. दोर माझ्या हातात होता. मी सर्व शक्तीनिशी ओढला. तट्टवाने मान वर केली, चारही पाय रोवले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला आमचे मॅनेजर आठवले.

मागून मावशी ओरडल्या, "वढू नगंस रं दादा! त्येला बघू दे. त्येला वाटतंय तिथं खड्डा हाय."

मी दोर सैल सोडला. तट्टवाने मान खाली घातली, रेघ हुंगली, एकदा फुरफुरलं, आणि जसं काही झालंच नाही अशा थाटात पलीकडे गेलं. सगळं मिळून अर्धं मिनिट. माझ्या ओढाओढीत त्याआधी पाच मिनिटं गेली होती.

हा लेख त्या अर्ध्या मिनिटाबद्दल आहे, आणि त्यामागच्या तीनेकशे वर्षांबद्दल.

*

आमचं घर कामणला. पाठीमागे कामणदुर्ग, बाजूला तुंगारेश्वरचे डोंगर, समोर वसई-दिवा रेल्वेमार्ग आणि त्यावरचं कामण रोड स्टेशन. मी लहान होतो तेव्हा भातकापणी झाली, दिवाळी आटपली की देशावरून धनगरांचा वाडा उतरायचा. वाडा म्हणजे घर नव्हे. चार-पाच कुटुंबं, त्यांची मेंढरं, कुत्री आणि तट्टं, या सगळ्या चालत्या वस्तीचं नाव वाडा. आजोबा त्यांना आमच्या शेतात मेंढरं बसवायला सांगायचे. रात्रभर मेंढरं शेतात बसली की लेंडीखत आपोआप पडतं. बदल्यात आजोबा भात द्यायचे. कुठे कागद नाही, सही नाही. पुढच्या वर्षी तीच माणसं पुन्हा हजर.

यंदा होळीनंतर ते परत निघाले तेव्हा मी दोन दिवस सुट्टी टाकून त्यांच्याबरोबर चालायचं ठरवलं. एक कारण उत्सुकता. दुसरं कारण मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. ते शेवटी सांगतो.

चालायला लागल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की वाड्याची वाहतूक बायका सांभाळतात. पुरुष मेंढरं घेऊन चराईच्या आडवाटेने जातात. तंबू सोडणं, ओझं बांधणं, तट्टं हाकत पुढच्या तळावर नेणं आणि पुरुष पोचायच्या आत चूल पेटवणं, हे सगळं बायकांचं. ओझं दोन्ही बाजूंना सारखं बसलं नाही तर तट्टवाची पाठ सोलते. पाठ सोलली की ते आठवडाभर कामाचं राहत नाही. मावशी नुसत्या हाताने वजन जोखायच्या. मला त्यांनी दोन गाठोडी उचलायला दिली आणि कोणतं जड ते विचारलं. मी चुकलो.

दुसरी गोष्ट अशी, की यंदा वाड्याची अडचण होती. सगळ्यांच्या पुढे चालणारी जुनी घोडी थंडीत मेली होती. तिला वाट पाठ होती. उरलेल्यांपैकी दोन तट्टं कोवळी, पहिल्यांदाच पूर्ण ओझं वाहणारी. तट्टू हा कळपाचा प्राणी. पुढचं गेलं की मागचं जातं. पुढचंच नवखं असेल तर प्रत्येक मोरी, प्रत्येक फडफडणारं प्लास्टिक, प्रत्येक डबकं हा नवा प्रश्न. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे अगदी कपाळासमोरचं त्याला दिसत नाही. उजेडातून सावलीत गेल्यावर त्याचे डोळे सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून आपल्याला जी रेघ दिसते, तो त्याच्यासाठी खड्डा असू शकतो. आपण ज्याला हट्ट म्हणतो ती त्याची तपासणी असते. अनोळखी जागी पाय टाकण्याआधी खात्री करून घेणारा प्राणी मूर्ख कसा? आमच्याकडे हेच काम करणाऱ्याला टेस्टर म्हणतात आणि त्याच्यावरही सगळे असेच वैतागतात.

*

आता इतिहासाकडे. भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. आपल्या राज्यगीतात ज्या तट्टांचा उल्लेख आहे, ती इथली. गोदावरीकाठची गंगथडी, नीरेकाठची नीरथडी आणि माणदेश, हेही घोड्यांसाठी नावाजलेले प्रदेश. या तट्टांची उंची बेताची, अंग सडपातळ, पाय काटक. खडकाळ माळावर वाढल्यामुळे खूर टणक. अरबी घोड्यापुढे उभी केली तर कोणी दुसऱ्यांदा बघणार नाही. पण अरबी घोडा समुद्रापलीकडून यायचा, महाग असायचा, आणि त्याला दाणा वेळेवर लागायचा. तट्टू मिळेल त्या कडब्यावर आणि गवतावर चालायचं.

शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीत लिहिलेल्या सभासद बखरीत पागेची रचना दिली आहे. 25 बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. आणि दर 25 घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणणारा आणि नाल ठोकणारा. मला या रचनेत सगळ्यात महत्त्वाची वाटतात ती ही दोन माणसं. तलवारी किती यापेक्षा पाणी आणि खूर यांचा हिशेब आधी करणारं हे सैन्य होतं.

1673 च्या मे महिन्यात चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठवलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, या आशयासाठी ते आपल्याला माहीत असतं. पण पत्राचा मोठा भाग घोड्यांच्या वैरणीबद्दल आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच उधळलंत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. कोणी चूल पेटवेल, कोणी तंबाखू ओढेल, रात्री जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या पेटतील. स्वतःचं राज्य उभारणारा राजा उंदराचा विचार करतोय. प्रॉडक्शन सर्व्हर सांभाळलेल्या कोणालाही हे पत्र वाचून अंगावर काटा येईल.

आणि एक वेळापत्रक. सैन्य दसऱ्याला बाहेर पडायचं आणि पाऊस सुरू व्हायच्या आत छावणीत परतायचं. पावसाळ्यात नद्या भरतात, चिखलात ओझं ओढवत नाही, ओलीत खूर मऊ पडतात. धनगरांचा वाडाही दसरा-दिवाळीच्या सुमारास देशावरून निघतो आणि पावसाआधी परततो. मेंढरांनाही कोकणचा पाऊस सोसत नाही. एकाच हवेने आणि एकाच जमिनीने दोघांचं कॅलेंडर लिहिलं. स्वारी आणि चराई या दोन गोष्टी आपण पुस्तकात वेगळ्या ठेवल्या, पण त्यांची माणसंही वेगळी नव्हती. नीरेकाठच्या होळ गावावरून ज्यांचं आडनाव पडलं, ते मल्हारराव होळकर धनगर घरातले. मेंढरं राखत मोठा झालेला मुलगा पुढे माळव्याचा सुभेदार झाला. वाट, पाणी आणि जनावराचा दम ओळखायला तो कुठल्या सरदाराच्या पागेत शिकला नव्हता.

या तट्टांचं सगळ्यात मोठं काम 1727-28 च्या मोहिमेत दिसतं. निजामाजवळ जड तोफखाना होता. पहिल्या बाजीरावाने समोरासमोर लढाई टाळली. जालना, वऱ्हाड, खानदेश, गुजरात असा फेरा मारत त्याने निजामाला मागे धावायला लावलं. शेवटी 25 फेब्रुवारी 1728 ला पालखेडजवळ निजामाचं सैन्य पाणी आणि रसद तुटलेल्या अवस्थेत कोंडीत सापडलं. 6 मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. ब्रिटिश फील्ड मार्शल माँटगोमेरीने युद्धशास्त्राच्या इतिहासात या मोहिमेचं कौतुक केलं आहे. कौतुक सेनापतीचं होतं, पण अंतर कापलं होतं तट्टांनी.

उलट उदाहरणही आहे. 1760-61 मध्ये पानिपतच्या छावणीत मोठा तोफखाना होता, बुणगे होते, यात्रेकरू होते. वेढ्यात वैरण संपली आणि घोडी उभ्या जागी खंगली. ज्या सैन्याची ताकद हलकं असण्यात होती, ते जड होऊन एका जागी अडकलं.

आमच्या वसईचा इतिहास मात्र घोड्यावरून घडला नाही. 1737 ते 1739 ची चिमाजी अप्पांची मोहीम खाड्या, दलदल, मोर्चे आणि सुरुंग यांची होती. पण त्या मोहिमेसाठी पेशव्यांकडे खटपट करणारे गंगाजी नाईक अंजूरचे, आणि अंजूर आमच्याच या रस्त्याच्या टोकाला. लहानपणी मला वाटायचं इतिहास रायगडावर आणि शनिवारवाड्यात होतो. तो अंजूरफाट्यावरही झाला होता, जिथे आता सिग्नलला आपण वीस मिनिटं उभे असतो.

*

1818 नंतर पेशवाई गेली, पागा मोडल्या. घोडदळच उरलं नाही तर भीमथडीचं तट्टू सांभाळणार कोण? सरदारांच्या वाड्यांत ऐपत दाखवायला उंच घोडे आले. रेल्वेने लांबचा प्रवास घेतला. तट्टू भाषेत मात्र उरलं. घोडं कुठे अडलं, असं आपण मीटिंगमध्ये विचारतो. उगाच भरलेल्या माणसांना खोगीरभरती म्हणतो. एकट्याने लढणारा एकांडा शिलेदार. कोणाला पायबंद घालतो, तेव्हा खरं तर तट्टवाचे पुढचे पाय दोरीने बांधत असतो, म्हणजे ते चरतं पण लांब जात नाही. मावशींनी रात्री तसे बांधले तेव्हा मला हा शब्द पहिल्यांदा दिसला.

आणि तट्टू उरलं ते धनगरांकडे. त्यांनी ते वारसा म्हणून जपलं नाही. त्यांना ओझं वाहायला लागत होतं म्हणून जपलं. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, झांस्कारी अशा सात जाती आधी होत्या, ही आठवी. बातमी वाचून मला आनंद झाला. पण जात कागदावर वाचते, तट्टू वाटेवर वाचतं. वाट नसेल तर धनगर टेम्पो घेईल. काहींनी घेतलाच आहे. मग तट्टू ठेवण्याचं कारणच संपतं.

*

दुसऱ्या दिवशी भिवंडीच्या पुढे तळ पडला. संध्याकाळी मावशी म्हणाल्या, "बस की येकदा." ओझं उतरवलेल्या तट्टवावर मी बसलो. खोगीर नव्हतं, घोंगडी होती. मी टाच मारली. काही नाही. च्यक्‌ च्यक्‌ केलं. काही नाही. मुलं हसायला लागली. मग एका सहा-सात वर्षांच्या मुलीने दुसऱ्या तट्टवाचा दोर धरला आणि ती सरळ चालायला लागली. माझं तट्टू तिच्यामागे निघालं, मी असलो काय नि नसलो काय. दोन शेतं फिरून आम्ही परत आलो. माझी आयुष्यातली एकमेव घोडदौड ती, आणि तिचं नेतृत्व पहिलीतल्या वयाच्या मुलीने केलं.

चुलीपाशी बसल्यावर मी ते सांगितलं, जे सांगायला दोन दिवस चाललो होतो. आमचं शेत बाबांनी गोदामासाठी भाड्याने दिलंय. पावसाळ्यानंतर भराव पडेल. पुढच्या दिवाळीला तिथे मेंढरं बसवता येणार नाहीत. बाबांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. भात परवडत नाही, मी शेती करत नाही, आणि ज्या वस्तू मी फोनवरून मागवतो त्या अशाच कुठल्यातरी गोदामातून येतात. फोनवर कळवता आलं असतं. पण आजोबांनी जे तोंडी ठरवलं होतं ते तोंडीच मोडावं, एवढं मला वाटलं.

मावशी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुमच्या शेजारचं बी गेलं. वाटंवरची चार गेली यंदा." आणि नवऱ्याला हाक मारून म्हणाल्या, पुढल्या सालाला वाड्याकडच्या वाटेचं बघाय पायजे. बस. रडारड नाही, टोमणा नाही. रेघ दिसली, हुंगली, दुसरी वाट कुठे आहे ते बघायला लागल्या.

पहाटे मी निघालो तेव्हा तट्टं लादून तयार होती. कालचं अडलेलं तट्टू आज सगळ्यांच्या पुढे होतं. मावशींनीच ठेवलं होतं. मी विचारलं, हे तर सगळ्यात अडेल आहे, याला पुढे का?

"त्येच बघून चालतंय," त्या म्हणाल्या. "बाकीची नुसती मागनं येत्यात."