न सापडलेल्या सोन्याचे मोल

जमिनीखालचे खनिज हाती लागण्यापूर्वीच त्याचा शोध घेणाऱ्या कंपनीचे मोल ठरवण्याची जी पद्धत आज रूढ आहे, तिच्या पूर्वेतिहासाचा काही भाग बेळगाव-धारवाडच्या पट्ट्यात घडला. निपाणीकडे दख्खनच्या काळ्या कातळाने प्राचीन खडक झाकले आहेत. बैलहोंगलकडे मात्र सुभाजा, म्हणजे दाबाने पापुद्रे पडलेले रूपांतरित खडक, उघडे दिसतात, आणि याच धारवाड श्रेणीत दक्षिण भारतातील सोने प्रामुख्याने आढळते.

या प्रदेशातले आद्य मूल्यमापक म्हणजे जालगार, अर्थात पावसानंतर ओढ्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण वेचणारे लोक. त्यांच्या लेखी ओढ्याचे मोल धुण्याअखेर पात्रात उरलेल्या कणांइतकेच होते. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ मध्ये डंबळच्या डोंगरांवर लिहिताना सुरतूरच्या ओढ्यातील कणांचा संबंध ओढा ज्या खडकांतून वाहतो त्यांच्याशी जोडला, आणि १८७६ च्या ग्रंथात बेळगावसह ‘दक्षिण मराठा प्रदेशा’चे भूशास्त्र मांडले. त्यामुळे न खोदलेल्या जागेविषयीही तर्क करता येऊ लागला.

तर्काला बाजारभाव मिळाला की काय होते, ते वायनाडने दाखवले. १८८०च्या सुमारास तेथील सोन्यासाठी लंडनमध्ये तीसहून अधिक कंपन्या निघाल्या आणि थोड्याच वर्षांत बहुतेक बुडाल्या. हॉस्कोल्ड यांचे १८७७ चे सूत्र तेव्हा उपलब्ध होते. परंतु ते वार्षिक नफा आणि खाणीचे आयुष्य गृहीत धरून गुंतवलेले भांडवल परत कसे फिटेल याचा हिशेब करीत असल्याने, जेथे दोन्ही अज्ञात तेथे निरुपयोगी ठरे.

ही उणीव पुढे खर्चाधारित पद्धतीने भरून काढली. समन्वेषणावर एक कोटी रुपये खर्चून आशादायक नमुने मिळाले, तर खर्चाला दोनने गुणून मोल दोन कोटी धरावे. नमुने निःसत्त्व निघाल्यास गुणक अर्धा धरून मोल पन्नास लाख. किलबर्न यांनी १९९० मध्ये जागा मिळवण्याच्या मूळ खर्चाला शेजारचे साठे, जागेवरील खुणा, भूरचना इत्यादींचे गुणांक लावले. मात्र गुणक नमुन्यांवर ठरतो आणि नमुन्यांत भेसळ होऊ शकते, हे १९९७ मध्ये ब्रे-एक्स या कॅनेडियन कंपनीच्या इंडोनेशियातील प्रकरणाने उघड केले. त्यानंतर कॅनडाने २००१ मध्ये पात्र तज्ज्ञाच्या अहवालाची सक्ती केली.

भारतात २०१५ च्या नियमांनी खात्रीच्या जी-४ ते जी-१ अशा चढत्या पायऱ्या लिलावाशी जोडल्या. हावेरी जिल्ह्यातील गणजूर येथे डेक्कन गोल्ड माइन्सने सोन्याचा शोध घेतला, तशा शोधांतून उद्भवणारे प्रलंबित खाणहक्क २०२१ च्या दुरुस्तीने संपुष्टात आणले आणि समन्वेषणाच्या खर्चाची भरपाई तेवढी देऊ केली. म्हणजेच कायद्याने गुणक एक धरला. शोधामुळे वाढलेल्या आशेची किंमत त्यात आली नाही.