द्यूतव्यसन आणि ब्रिटनचें राजकारण

महाभारतांतील द्यूताविषयीं बोलतांना युधिष्ठिराच्या व्यसनास सर्व जण दोष देतात. परंतु ती द्यूतसभा धृतराष्ट्राच्या आज्ञेनें बांधली गेली, हें सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. ब्रिटनचा अलीकडील इतिहास हेंच सांगतो.

तेथील २००५ च्या कायद्यानें जुगारास करमणुकीचा धंदा मानून जाहिरातींस मोकळीक दिली. पैजेच्या दुकानांतील यंत्रांवर दर २० सेकंदांस १०० पौंड लावतां येऊं लागले व कित्येक संसार धुळीस मिळाले. २०१८ सालीं ही मर्यादा २ पौंडांवर आणण्याचें ठरलें. पण सरकारनें अंमल ऑक्टोबर २०१९ पर्यंत लांबविला. दिरंगाईची किंमत लोकांच्या प्राणांनीं मोजावी लागेल, असें म्हणून मंत्री ट्रेसी क्राउच यांनीं राजीनामा दिला. अखेर १ एप्रिल २०१९ पासूनच ती मर्यादा लागू झाली. २०२० मध्यें क्रेडिट कार्डावरील जुगारही बंद झाला.

उपचारांचा खर्च मात्र जुगाराच्या कंपन्यांच्या ऐच्छिक देणग्यांवर अवलंबून होता. एप्रिल २०२५ पासून त्यांच्यावर सक्तीचा कर बसला. त्याचा निम्मा भाग सरकारी आरोग्यसेवेमार्फत उपचारांस, उरलेला प्रतिबंध व संशोधनास. खेळणाऱ्यास बोल लावणें सोपें असतें. सभा बांधणाऱ्यास जाब विचारण्यास मात्र कायदाच लागतो.