दुसरी मोडी : लिहिणाऱ्यांची साधनं आणि सवयी

मंडळी, फलकावर आजचा विषय ‘नव्या लेखकांसाठी साधनं आणि सवयी’ असा लिहिलाय. पुढच्या रांगेतल्या मुलांनी वह्या काढल्यात, म्हणजे अ‍ॅपची नावं उतरवून घ्यायची तयारी आहे. कामाचं तेही सांगेन. पण मी इतिहासाचा माणूस, थोडं मागून सुरू करतो. साधन बदललं की आधी लिहिलेल्याचं काय होतं, हा प्रश्न आपल्या भागात सातशे वर्षांहून जुना आहे.

म्हाइंभट घ्या. आपल्याच नगर जिल्ह्यातल्या, आता अहिल्यानगर म्हणायचं, सराळ्याचे. चक्रधरस्वामी गेल्यावर त्यांच्या आठवणी गोळा करायला हा माणूस गावोगाव हिंडला. ज्याने प्रसंग पाहिला त्याच्या तोंडून ऐकायचं, उतरवून घ्यायचं, मग नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचं. तेराव्या शतकाच्या अखेरीस लीळाचरित्र झालं ते असं. मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ हे टिपणं घेण्याच्या सवयीचं फळ आहे. पुढे मूळ प्रत धामधुमीत नाहीशी झाली. ज्यांच्या स्मरणात होतं त्यांच्याकडून पुन्हा लिहून काढावं लागलं, आणि आठवणी सारख्या नसतात, म्हणून आज इतके पाठभेद. नंतर महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवले. ते सुरक्षित राहिले खरे, पण राजवाडे, भावे यांच्यासारख्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या लिपीचं कोडं सोडवेपर्यंत बाहेरच्या वाचकाला ते असून नसल्यासारखेच होते.

नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा. मोबाइलला बोलून टाइप करायला लावता, त्याचा हा पूर्वज म्हणा हवं तर. तीनशे वर्षं नकला होत राहिल्या, चुका वाढत गेल्या. मग शेवगावच्या पलीकडे, पैठणला, एकनाथांनी प्रती जमवून, ताडून १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. स्वतःचं नवं काही न घालता दुसऱ्याचा मजकूर साफ करत बसणं, हे मला फार मोठं काम वाटतं. नवीन लेखकांना ते कंटाळवाणं वाटतं, ते सोडा.

आता मोडीकडे येऊ. बोरू न उचलता भराभर लिहायची लिपी. हिशेब, खरेदीखतं, पत्रं, सगळं तिच्यात. छापखान्याला बाळबोध सोयीची पडली आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळांतूनही मोडी गेली. दोनच पिढ्यांत आजोबांचं पत्र नातवाला वाचता येईना. जुना दस्त निघाला की अजूनही मोडीवाचक शोधत फिरावं लागतं.

मला सांगायचंय ते हे, की तशीच दुसरी मोडी आपण आपल्या हयातीत तयार केलीय. कशी, ते बघा.

तहसील कचेरीच्या आसपास टायपिंग इन्स्टिट्यूट असायची. मराठी ३०, मराठी ४०. पुढे तिथेच डीटीपीची दुकानं आली. साप्ताहिकं, लग्नपत्रिका, कवितासंग्रह, स्मरणिका, सगळं तिथे टाइप झालं. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे फाँट. यात गोम अशी होती की अक्षर दिसायचं मराठी, पण संगणकाच्या लेखी ते इंग्रजी होतं. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार चढवलेले. फाँट काढला की कवितेचा नुसता कचरा दिसतो. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, त्यामुळे एका दुकानातली फाइल दुसऱ्या दुकानात वाचता येईना. हे कुणाच्या आळसामुळे झालं नाही. त्या काळी बहुतेकांना दुसरा परवडणारा मार्गच नव्हता.

युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. ‘क’चा ०९१५, जगात कुठेही. पहिली आवृत्ती १९९१ची. विंडोज २००० मध्ये मंगल फाँट आला, तरी दुकानांतून जुने फाँट पुढे कितीतरी वर्षं चालू राहिले. गंमत म्हणजे २०१४ मध्ये खुद्द मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली. जुनी मोडी आली, नव्या मोडीतलं साहित्य बाहेरच राहिलं!

आपल्या तालुक्याला हा प्रश्न जास्त जवळचा आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास इथून कोयते निघतात, पाच-सहा महिने फडावर. त्यांतली शिकलेली पोरं लिहितात, आणि वही नसते, फोन असतो. मराठी बोलून टाइप करण्याची सोय गूगलने २०१७ मध्ये दिली. फडावरच्या थकल्या हातांना ती मोठीच सोय. पण ती आपली बोली नीट ऐकत नाही, विरामचिन्हं गाळते. म्हणून बोलून झालं की त्याच रात्री एकदा वाचून काढायचं. सकाळपर्यंत आपण काय म्हणालो होतो तेच आठवत नाही. आणि लिहिलेलं स्टेटसला ठेवून थांबू नका, चोवीस तासांत ते जातं. स्वतःला ईमेल करा, घरी एक प्रत ठेवा.

घरी संगणक असेल तर इनस्क्रिप्ट कळफलक शिका. हात बसायला दोन-तीन आठवडे जातात, पण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक तिथे हातात राहतो. समुद्र लिहायचा आणि डोंगरातली खोल जागा उमटायची, असं होत नाही. शब्द अडला तर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे दोन्ही कोश आता फुकट बघता येतात, शिकागो विद्यापीठाने ते ठेवलेत. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ची, पण गावाकडचे शब्द त्यात इतके आहेत की थक्क व्हायला होतं.

शेवटचं एक काम. तुमच्या आजोबांचं, मास्तरांचं एखादं पुस्तक डीटीपीवर झालं असेल तर त्या दुकानात जा. दुकानदार जुना संगणक मोडीत घालायच्या आधी फाइल मागा, आणि फाँटचं नाव लिहून घ्यायला विसरू नका. नाव माहीत असलं की ती युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तक मिळतात. जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, ते छापील प्रत शेजारी ठेवून, ओळीवर बोट ठेवून ताडायचे. दोघं बसा, एकाने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं.

आता प्रश्न घेऊ. मागे कुणीतरी हात वर केलाय.