लॉन लेक, १५ जुलै १९८२

आदली रात्र. कोलोरॅडोतले रॉकी माउंटन नॅशनल पार्क, जुलैचा ऐन हंगाम. या दिवसांत इथे तंबूपुरती जागा मिळाली तरी लोक खूश असतात. फॉल नदीकाठच्या ॲस्पेनग्लेन कॅम्पग्राउंडवर मिळाली तर विचारूच नका. वरच्या अंगाला दोन धरणे आहेत, ही चौकशी जागा घेताना कोणी करत नाही.

वरचे धरण लॉन लेकचे, सुमारे ११,००० फुटांवर. मातीचे, २६ फूट उंच, १९०३ साली सिंचनासाठी बांधलेले. पार्क १९१५ चे, म्हणजे धरण त्याच्याही आधीचे. तिथवर मोटार जात नाही. सहा मैलांची चढाची पायवाट आहे. खालचे धरण कॅस्केडचे, काँक्रीटचे, १७ फूट.

लॉन लेकच्या बांधात विसर्गाचा पाइप आणि झडप यांच्या सांध्यात शिसे भरलेले होते. ते झिजले होते. सांध्यातून झिरपणारे पाणी आतली माती थोडी थोडी वाहून नेत होते. वरून बांध धडधाकट दिसत होता.

पहाटे ५:३०, अंदाजे. बांध फुटला. ६७४ एकर-फूट पाणी, म्हणजे सुमारे ८३ कोटी लिटर, रोअरिंग नदीच्या अरुंद दरीत घुसले. कमाल विसर्ग १८,००० क्युसेक. नदीकाठी तंबू ठोकलेला एक जण या पाण्यात गेला. खाली अजून कोणालाच काही ठाऊक नव्हते.

६:२२. पायवाटेच्या तोंडाशी कचरा गोळा करणाऱ्या माणसाने आवाज ऐकला. चिखल आणि झाडे घेऊन पाणी खाली येताना त्याने पाहिले आणि तिथल्या आपत्कालीन फोनवरून कळवले. त्या दिवशीचा पहिला इशारा हाच. सहाच वर्षांपूर्वी याच खोऱ्यात, बिग थॉम्पसन नदीच्या पुरात, १४० च्या आसपास माणसे गेली होती. निरोप कोणी हसण्यावारी नेला नाही.

पाणी हॉर्सशू पार्कच्या सपाट कुरणात पसरले. दरीतून आणलेले धोंडे त्याने तिथेच टाकले. त्यांतल्या एकाचे वजन पुढे ४५२ टन भरले. पुराचा जोर ओसरला. कॅस्केडपाशी पोहोचला तो ७,२१० क्युसेक.

सातनंतर. रेंजरांनी ॲस्पेनग्लेन रिकामे करायला घेतले. माणसे बाहेर पडली. दोघे सामान आणायला मागे फिरले. पूर तर अजून दिसतही नव्हता.

७:४२. कॅस्केडच्या माथ्यावरून ४.२ फूट पाणी वाहत होते. धरण उलथले. ७,२१० चे १६,००० क्युसेक झाले. (पानशेतनंतर खडकवासला, १२ जुलै १९६१: पुणेकरांना हे गणित वेगळे समजावायला नको.) ॲस्पेनग्लेन लगेच खाली होते. ते दोघे परत आले नाहीत.

८:१२. पाणी एस्टेस पार्क गावात शिरले. मुख्य रस्त्यावरच्या दुकानांत चिखल भरला, पण रस्ते आधीच रिकामे केलेले होते. गावात कोणी दगावले नाही. गावाखालच्या ऑलिंपस धरणाने पूर अडवला. एकूण मृत्यू ३, नुकसान ३ कोटी १० लाख डॉलर.

लॉन लेकचे धरण पुन्हा बांधले नाही. पार्कमधली आणखी काही जुनी धरणे पुढच्या काही वर्षांत पाडली गेली. ॲस्पेनग्लेन आजही चालू आहे, आणि उन्हाळ्यात तिथे जागा मिळवायची तर महिनोन्‌महिने आधी बुकिंग करावे लागते.