पाकिटातून बटव्यात

आज आम्ही ब्रिटनमधल्या आयांची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट कराची आहे, पण आपल्या चुलीजवळची आहे.

लेकरांसाठी सरकार दोन वाटांनी पैसा देऊ शकतं. कमावत्याचा कर कमी करायचा, नाहीतर रोख भत्ता द्यायचा. ब्रिटनमध्ये १९०९ पासून मुलांमागे करात सूट मिळू लागली. ती जायची बापाच्या पगारात. आणि ज्या मजुराला करच लागत नव्हता, त्याच्या घरी काहीच येत नसे.

एलिनॉर रॅथबोन यांनी १९२४ साली पुस्तक लिहून मुलांसाठी भत्ता मागितला. पुढे त्या खासदार झाल्या, तरी मागणी सोडली नाही. १९४५ साली कायद्याचा मसुदा आला, तर भत्ता बापाच्या नावे! असं असेल तर आपण विरोधात मत देऊ, असं रॅथबोनबाईंनी संसदेत बजावलं. मसुदा बदलला, आईचं नाव आलं.

ऑगस्ट १९४६ पासून पहिलं मूल सोडून प्रत्येक मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग मिळू लागले. ते पाहायला बाई नव्हत्या. जानेवारीतच त्या वारल्या होत्या.

१९७७ ते १९७९ या काळात करातली सूट टप्प्याटप्प्यानं काढली आणि पहिल्या मुलालाही भत्ता दिला. पुरुषांचा हाती येणारा पगार घटेल म्हणून सरकार कचरत होतं. चळवळीनं रेटा लावला. बापाच्या पाकिटातला पैसा आईच्या बटव्यात आला.

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत नवी योजना आली की रक्कम विचाराच. खातं कुणाच्या नावावर, हेही विचारा.